भरल्या ओटीचं वजन

मी ब्लाउज शिवते. सोनपेठच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावासकट आजूबाजूच्या चार वाड्यांत माझ्या मापाला नाव ठेवणारी बाई अजून जन्माला यायचीय. कुणी दंड जाड म्हणून लाजून "अर्धा इंच कमी लिवा की" म्हणाली, तर मी टेप गळ्यात टाकून सरळ सांगते, आहे तेच लिहिणार, खोटा आकडा माझ्या वहीत जात नाही. बायका हसतात. "लय कडक हाय बाई ही," म्हणतात. त्यांना हे माहीत नाही की मी एकदा नव्हे, दोनदा खोटं माप लिहू दिलंय, आणि त्यात माझ्याच पोरीचा जीव होता.

पोरगी दहावीत गेली त्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. डोळे, दात, उंची, वजन, आणि या वेळी दंडाला पट्टा बांधून बीपीसुद्धा. संध्याकाळी ती दप्तर टाकून हसतच घरात आली.

"आई, माझं बीपी आज्जीपेक्षा जास्त हाय. मॅडमनं तीनदा मोजलं."

सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांना हा आपल्या वयाचा अपमान वाटला. "मशीन बिघडलेलं असंल," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा पोरीला कुठं बीपी असतंय?"

मलाही तसंच वाटलं, म्हणजे मी तसं वाटून घेतलं. पण दप्तरात चिठ्ठी होती, पालकांनी उपकेंद्रात येऊन भेटावं म्हणून. आमचे हे पूर्ण्याला रेल्वेत, आठवड्याला एकदा घरी येतात. त्यामुळं अशी सगळी कामं माझ्याच गळ्यात. मी पोरीला घेऊन तीन वेगवेगळ्या दिवशी उपकेंद्रात गेले. पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाली, घाबरली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, चालत आलीय म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी तिनं पोरीला अर्धा तास पंख्याखाली बसवलं, मग मोजलं, आणि पुन्हा एकदा मोजलं.

"परभणीला लेकरांच्या डॉक्टरांना दाखवा," ती शेवटी म्हणाली. "उशीर करू नका. आणि हिच्या जन्माच्या वेळचे कागद असतील तर सोबत न्या."

कागद होते. माझ्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली. पंधरा वर्षं मी ते कार्ड फेकलंही नव्हतं आणि उघडलंही नव्हतं.

त्या कार्डाचं सांगायचं तर आधी माझ्या नणंदेचं सांगावं लागतं. मी तिला पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लेकरू मोठं होतं, आडलं. जीप करून परभणीला न्यायला निघाले, पाथरी मागं पडली, आणि रस्त्याकडेच्या एका बाभळीपाशी जीपमध्येच दोघं गेले, ती आणि लेकरू. नंतर कुणीतरी म्हणालं, लेकरू चांगलं चार किलोचं असेल. सासूबाईंनी तेवढं एकच वाक्य धरून ठेवलं. कारण लेकीला दोन महिने डिंकाचे लाडू आणि तूप-गूळ-पोळी त्यांनीच खाऊ घातली होती.

म्हणून मला दिवस गेले तेव्हा माझ्या ताटातल्या तीन भाकऱ्यांची दीड झाली. "पोटात लेकरू बारीक ठिवायचं, आन् भाईर आल्यावर वाढवायचं," हे त्यांचं शास्त्र. त्या दुष्ट नव्हत्या. सगळं खापर सासूवर फोडता आलं असतं तर ही गोष्ट सांगायला मला फार सोपी गेली असती. पण त्या माझ्या ताटातली भाकरी परत दुरडीत ठेवायच्या तेव्हा तोंड फिरवायच्या, आणि मी ते पाहिलेलं आहे. शिवाय मीही काही कमी घाबरलेली नव्हते. ज्या घरातून एक जण तशी गेली, त्याच घरात मी पोट घेऊन फिरत होते. पहिले तीन-चार महिने तर पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. पुढं भूक लागायला लागली, पण तोवर कमी खाण्याची मी स्वतःच शिस्त लावून घेतली होती. मला वाटायचं, ही माझी हुशारीच आहे.

पाचव्या महिन्यात बायका माझ्याकडं ब्लाउज उसवून घ्यायला येतात. मी माझे दाबत होते. एक शिवण आत घेतली, महिन्याभरानं तिच्या आत दुसरी घेतली. पोट पुढं येत होतं आणि पाठ, दंड, खांदे जात होते. टेप खोटं बोलत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

अंगणवाडीत दर महिन्याला नर्सबाई यायच्या आणि गोल तबकडीच्या काट्यावर आम्हाला उभं करायच्या. तिसऱ्या महिन्यात कार्डावर सेहेचाळीस लागले. मग पंचेचाळीस. मग चव्वेचाळीस. सहाव्या महिन्यात साडेत्रेचाळीस. नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तू जेवतेस की नाही?" त्यांनी विचारलं. "पुढच्या महिन्यात असंच घटलं, तर मी तुला परभणीला पाठवणार. भरती करून घेतील, सलाइन लावतील. नाही म्हणायचं नाही."

खरं तर मी त्यांचे पाय धरायला हवे होते. पण परभणीचा रस्ता म्हणजे आमच्या घरात एकच गोष्ट. सासूबाई माझ्यासोबतच होत्या. दारात आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाल्या, "त्या रस्त्यानं म्या तुला जाऊ द्यायची न्हाई. काय बी हू दे."

सातव्या महिन्यात माझी ओटी भरली. हिरवी साडी, हिरवा चुडा. गल्लीतल्या पाच जणींनी पदराच्या झोळीत ओंजळी-ओंजळीनं गहू घातले, खारका, हळकुंडं, सुपाऱ्या घातल्या, आणि सासूबाईंनी वरून दोन नारळ ठेवले. नेमकी त्याच दिवशी नर्सबाई गावात आलेल्या. लसीकरण उरकून त्या लगेच पुढच्या गावाला जाणार होत्या, म्हणून अंगणवाडीताईचा निरोप आला, आधी वजन करून जा. मी तशीच, भरली ओटी कमरेला खोचून, बायकांच्या घोळक्यात अंगणवाडीत गेले.

"अगं, ते नारळ खाली ठेव की," नर्सबाई म्हणाल्या.

"भरली ओटी वाटंत रिती करत्यात व्हय, बाई?" सासूबाई पुढं झाल्या. "देवापुढंच सोडावं लागतंय. पोटुशी हाय ती."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आमच्याकडं यावर कुणी वाद घालत नाही, आणि नर्सबाईही इथल्याच होत्या. "बरं, राहू द्या," त्या म्हणाल्या, "मी नारळाचं वजा धरते." मी काट्यावर चढले. साडेसेहेचाळीस. तेवढ्यात कुणाचं तरी लेकरू सुईला घाबरून त्यांच्या अंगावर ओरडलं, त्यांनी एका हातानं त्याचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं कार्डावर लिहिलं, साडेसेहेचाळीस. मग स्वतःच ते वाचून खूश झाल्या. "बघा, चढलं की! तीन किलो!"

बायका "चांगलं झालं, चांगलं झालं" म्हणाल्या. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या काट्याकडं बघत होत्या. "बाई, वजा करायचं राहिलं," एवढे चार शब्द बोलायचे होते. माझ्या जिभेवर आलेसुद्धा. पण परभणीची भरती टळली होती, आणि मी काट्यावरून खाली उतरले.

हे पहिलं खोटं तसं भोळं तरी होतं. दुसरं मी शिवलं.

आठव्या महिन्यात काटा पुन्हा खाली आला असता तर पितळ उघडं पडलं असतं. मी अस्तराच्या उरलेल्या हिरव्या कापडाचा कमरेएवढा लांब पट्टा बेतला. त्याला आठ कप्पे पाडले, दुहेरी शिवण घातली. शेजारी घराचं बांधकाम चाललेलं, गोदावरीची वाळू दारात पडली होती. ती चाळून कप्प्यांत भरली आणि पट्टा परकराच्या आत, पोटाच्या खाली बांधला. काटा बरोबर सत्तेचाळीसवर थांबला. नर्सबाई "छान" म्हणाल्या, तेव्हा मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, आनंदानं रडतेय. पोटात भाकरी नव्हती आणि पोटावर वाळू होती. इतकी सफाईदार शिवण मी त्याआधी कधी घातली नव्हती.

पोरगी नववा लागल्या लागल्या सोनपेठच्या दवाखान्यात झाली. घटकाभरात सुटले. एक किलो नऊशे ग्रॅम. माझ्या हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत ती सगळी मावत होती. सासूबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटेल त्याला सांगत होत्या, "सुटली! माझी सून सुटली!" इतकं खरं रडणं आणि इतकं खरं हसणं एकाच तोंडावर मी पुन्हा पाहिलं नाही.

पाचवीच्या दिवशी त्यांनी लेकराच्या डोक्याखाली राळ्याच्या दाण्यांची उशी ठेवली. डोकं गोल व्हावं म्हणून आमच्याकडं ठेवतात. मी उशीकडं पाहिलं आणि माझे कान तापले. हिरवं अस्तर, दुहेरी शिवण, आठ कप्पे. मी तो पट्टा धान्याच्या कोठीमागं लपवला होता. त्यांनी तो शोधला, वाळू काढली, पट्टा मधोमध दुमडून आपल्या जाड्याभरड्या टाक्यांनी शिवला आणि राळे भरले. पंधरा वर्षं आम्ही दोघींनी एका चुलीवर भाकरी थापल्या आणि या गोष्टीवर शब्द काढला नाही.

पुढं "भाईर आल्यावर वाढवायचं" हे त्यांनी मनापासून केलं. पोरीच्या तोंडात तूप, साखर, खारे शेंगदाणे, कुरडया, काय म्हणाल ते. दोन वर्षांची होईतो ती चांगली बाळसेदार झाली. "बग, म्हणलं हुतं का न्हाई?" त्या मला म्हणायच्या. पोरगी पळायची, वर्गात पहिल्या तिनात यायची, पोट तेवढं जरा सुटलेलं. मी मनात म्हटलं, चला, पचलं.

तर ते कार्ड घेऊन आम्ही तिघी परभणीला गेलो. सासूबाईंना येऊ नका म्हटलं तर ऐकेनात. एसटी पाथरी सोडून पुढं लागली तशी त्यांनी पदर तोंडावर ओढला, आणि ती बाभळ मागं पडेपर्यंत काढला नाही. पोरगी खिडकीशी गाणी ऐकत होती.

डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी दोन्ही दंडांवर, मग पायावरही बीपी मोजलं. जन्माचं वजन ऐकून त्यांनी मान वर केली. मग कार्ड हातात घेतलं आणि एकेका आकड्याखाली बोट ठेवत वाचलं.

"सुरुवातीला घटलंय, ते उलट्यांमुळं होतं," ते म्हणाले. "पण नंतर तुमचं वजन चांगलं सावरलं. मग लेकरू इतकं बारीक का झालं? कारण दुसरीकडं शोधावं लागेल. पोटात असताना तुम्हाला आणखी काही त्रास झाला होता? खाणं व्यवस्थित होतं?"

माझ्या एका बाजूला पोरगी होती, दुसऱ्या बाजूला सासूबाई. सासूबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तो घट्ट झाला.

"व्यवस्थित होतं," मी म्हणाले.

रक्त, लघवी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी लिहून देऊन त्यांनी आठवड्यानं बोलावलं. तो आठवडा आठवला तरी माझं डोकं उठतं. पोरगी आधी हसण्यावारी नेत होती, पण सोनोग्राफीच्या कागदावर तिनं 'किडनी' वाचलं आणि मोबाइलवर शोधायला बसली. तिनं पळायला जाणं बंद केलं. पाणी मोजून प्यायला लागली. एकदा मशीनवर बसले असताना मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, डायलिसिस परभणीत करत्यात का औरंगाबादला?" सुई माझ्या बोटात गेली. मी तिच्यावरच खेकसले, "गप बस, अभद्र बोलू नको!" ती आत गेली. मी बोट तोंडात धरून तिथंच बसून राहिले, आणि मला माझी शिसारी आली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या आठवड्यात एकदा, पोरगी शाळेत गेलेली बघून, मी त्यांना म्हणाले, "आत्याबाई, सांगावं लागंल."

"काय सांगायचं?" त्या कणीक मळत होत्या, थांबल्या नाहीत. "ते आन् हे, काय संबंध हाय? पंधरा वर्सं झाली. उगं पोरीच्या मनात इष कालवू नकू."

"संबंध हाय का न्हाई ते डॉक्टर ठरवतील."

"आन् पोरगी काय ठरवंल?" त्या म्हणाल्या. मला तरी दुसरी भीती कसली होती?

आठवड्यानं पुन्हा तोच रस्ता, तीच बाभळ. डॉक्टरांनी सगळे अहवाल टेबलावर पसरले. रक्त ठीक, लघवी ठीक, सोनोग्राफीत काही नाही. मी सुटकेचा श्वास घेतला, पण त्यांचा चेहरा काही सुटला नाही.

"कारण सापडत नाहीये," ते म्हणाले. "म्हणून आता किडनीच्या रक्तवाहिन्या बघाव्या लागतील. शिरेतून औषध सोडून फोटो काढतात. त्यासाठी तुम्हाला मोठ्या शहरात जावं लागेल."

पोरगी खुर्चीत पुढं सरकली. "म्हणजे माझी किडनी खराब झाली का?" तिनं विचारलं. तिचा आवाज पाच वर्षांच्या मुलीसारखा निघाला.

डॉक्टर काही म्हणायच्या आत मी बोलले. "साहेब, ते कार्ड खोटं हाय."

मग थांबता आलं नाही. ओटी, नारळ, गहू, पट्टा, वाळू. आकडे खोटे आहेत, वजन कधी वाढलंच नव्हतं, मी उपाशी होते, मला ठाऊक होतं आणि मी लपवलं. मी पोरीकडं बघत नव्हते, टेबलाच्या कडेकडं बघत होते.

"तिनं न्हाई, साहेब," सासूबाई एकदम उभ्या राहिल्या. "तिच्या ताटातली भाकरी म्या काढली. दोन नारळ म्याच घातले. काटा म्या बी बघितला हुता." त्यांना धाप लागली. "आन् पट्टा सापडला तवा म्या त्याची उशी केली. मला वाटलं, झाकून जाईल."

डॉक्टरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"पोटात असताना आईचंच वजन घटत गेलं," ते सावकाश म्हणाले, "तर लेकराचं शरीर काटकसर शिकून येतं. किडनी, रक्तवाहिन्या सगळ्या बेताच्या बनतात. मग बाहेर आल्यावर एकदम भरपूर मिळालं, की त्या शरीराला ते झेपत नाही. पुढं बीपी, साखर असं काही निघू शकतं. सगळ्यांनाच होतं असं नाही. हिला त्यामुळंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले.

मग ते पोरीशी बोलले, तिच्याकडं बघून. तुझी किडनी खराब झालेली नाही. मीठ, पापड, लोणचं, खारे दाणे बंद. पळणं बंद केलंस ते पुन्हा सुरू कर. घरी वजनाचा काटा ठेव, बीपी दर आठवड्याला मोज, तीन महिने बघू. नाही उतरलं तर औषध आणि ती तपासणी दोन्ही करू. आणि पुढं कधी लग्न झालं, दिवस गेले, तर तिथल्या डॉक्टरला हे सगळं आधी सांगायचं. शेवटी मला म्हणाले, "खरं वजन किती होतं, अंदाजे तरी काढता येईल का? मी नोंद करून ठेवतो."

मला सांगता येईना. गावाची मापं तोंडपाठ असलेली बाई मी, आणि माझं स्वतःचंच माप मला माहीत नव्हतं.

परभणीतच काटा विकत घेतला, आकडे दिसणारा. परतीच्या गाडीत पोरगी आमच्याजवळ बसली नाही. मागच्या सीटवर काट्याचं खोकं मांडीवर घेऊन बसली. ती बाभळ आली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. तिच्या कानात गाणी नव्हती, ती बाहेर बघत होती. जीपमध्ये गेलेल्या तिच्या आत्याची गोष्ट तिला माहीत होती, पण तिचा आपल्याशी काही संबंध आहे हे तिला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर ती जेवली, पुस्तक उघडून बसली, पण माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला जातानाही नाही. मला ती ओरडायला हवी होती. आपटाआपट करणारी, माझ्यावर गेलेली माझी पोरगी, आणि इतकी गप्प. मी त्या दिवशी दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या.

दुपारी शाळेतून आली, हातपाय धुतले आणि काटा खोक्यातून काढून ओसरीवर ठेवला.

"आज्जी," ती म्हणाली, "ओटी भर."

"कुणाची गं?"

"आईची. तवा भरली हुतीस तशीच. तेवढीच."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर पसरला. त्या आत जाऊन गहू घेऊन आल्या, आणि पाच बायकांच्या वाटच्या ओंजळी एकटीनंच घातल्या. किती होत्या ते त्यांना अजून पाठ होतं. खारका, हळकुंडं, सुपाऱ्या. दोन नारळ ठेवताना त्यांनी तसंच तोंड फिरवलं, जसं पूर्वी भाकरी उचलताना फिरवायच्या. पोरीनं मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, ओटी उतरवायला लावली, पुन्हा उभं केलं. या वेळी ओटी देवापुढं नेली पाहिजे असं सासूबाई म्हणाल्या नाहीत.

"तीन किलो नऊशे," पोरगी म्हणाली. "आता पट्टा."

सासूबाई आपल्या पेटीतून ती उशी घेऊन आल्या. त्यांनी ती इतकी वर्षं जपली होती, हे मला माहीत नव्हतं. मी उसवायला कात्री घेतली, तर त्यांचे टाके माझ्या शिवणीपेक्षा चिवट निघाले. राळे सुपात ओतले. शाळेच्या कुंपणाचं काम निघालंय, तिथून पोरीनं वाळू आधीच पिशवीत आणून ठेवली होती. ती आम्ही तिघींनी वाटीनं कप्प्यांत भरली. नुसती वाळूची सरसर.

"चार किलो सातशे."

तिनं कार्ड मांडीवर घेतलं. माझ्या टोकदार पेन्सिलीनं दोन्ही खोट्या आकड्यांवर आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी नवे लिहिले. बेचाळीस सहाशे. बेचाळीस तीनशे. मग वरपासून खालपर्यंत सगळे आकडे एकदा वाचले, आणि पुन्हा वाचले. मी भिंतीला टेकून उभी होते. ती आता काय म्हणेल ते म्हणू दे, मला सगळं कबूल होतं. तू मला उपाशी ठेवलंस म्हण, माझं वाटोळं केलंस म्हण.

"आई," ती म्हणाली, "मी तर पोटात वाढायले होते ना? थोडी का हुईना, वाढायलेच होते."

"हो."

"मग घटायलं कोण होतं?"

मला तिचा प्रश्न कळायला वेळ लागला. पंधरा वर्षं ते कार्ड मला फक्त तिचंच वाटत होतं. त्यात घटत गेलेली मीही आहे, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. पोरीनं कार्ड खाली ठेवलं, येऊन माझ्या दंडाभोवती बोटं गुंडाळली, आमच्याकडं बांगडीचं माप घेतात तशी, आणि तशीच उभी राहिली. मग मी रडले, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं.

सासूबाई उठून चुलीकडं गेल्या. चार वाजले असतील, जेवायची वेळ नव्हती. त्यांनी भाकरी थापली, ताट मांडलं, मला हाताला धरून बसवलं. पहिली भाकरी झाली. दीडही झाली. मी हात आखडता घेतला, तर त्यांनी न विचारता तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली, आणि वर आणखी अर्धी. तीन झाल्या. चाळिशीच्या बाईला इतकी भूक कुठून असणार? तरी मी त्या तिन्ही खाल्ल्या, आणि शेवटचा घास संपेपर्यंत त्या दोघी समोर बसून बघत होत्या.